जेम्स हवा की जिमी?

मानसशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकासाठी विल्यम जेम्स यांनी १८७८ साली न्यूयॉर्कचे प्रकाशक हेन्री होल्ट यांच्याशी करार केला. पुस्तक दोन वर्षांत हातावेगळे करण्याची बोली होती. प्रत्यक्षात बारा वर्षे गेली, आणि १८९० साली 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' म्हणून जे प्रसिद्ध झाले ते दोन खंडांचे, सुमारे चौदाशे पानांचे होते. ग्रंथ थोर आहे याविषयी वाद नाही. तो वर्गात लावण्याजोगा आहे, असे मात्र खुद्द जेम्स यांनाही वाटत नसावे. हस्तलिखित पुरे होत आले तेव्हा होल्ट यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या ग्रंथाला जलोदराने फुगलेल्या देहाच्या पंगतीला बसवले आहे. दोनच वर्षांनी, १८९२ साली, त्यांनी एका खंडातला 'सायकॉलॉजी: ब्रीफर कोर्स' काढला. विद्यार्थ्यांनी थोरल्या ग्रंथाला 'जेम्स' आणि धाकट्याला 'जिमी' अशी नावे ठेवली, आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या वर्गांतून पुढे वाचला गेला तो मुख्यतः जिमी.

प्रथम वर्षाच्या वर्गाला मानसशास्त्राचे पुस्तक लावण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न आजही उभा असतो: जेम्स हवा की जिमी? महाराष्ट्रातल्या कलाशाखेच्या आमच्यासारख्या शिक्षकांपुढे तर अभ्यासक्रम बदलला की तो नव्याने येतो. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटापर्यंत ताटकळावे लागणार नाही. जिमी हवा, लहानच पुस्तक लावावे. मात्र लहान पुस्तक दोन रीतींनी तयार होते. एका रीतीत विषय कमी केले जातात, आणि जे घेतले ते पुरते सांगितले जाते. दुसऱ्या रीतीत विषय सगळे ठेवले जातात, आणि प्रत्येकातला पुरावा छाटला जातो. पहिल्या रीतीचे पुस्तक लावावे. दुसऱ्या रीतीचे लावण्यापेक्षा जाड पुस्तक परवडले. 'संक्षिप्त' या नावाने जे आपल्यापुढे येते ते फार वेळा दुसऱ्या रीतीचे असते, म्हणून हा खटाटोप.

आधी जाडीविषयी. परिचयात्मक मानसशास्त्राचे पूर्ण आकाराचे अमेरिकी पाठ्यपुस्तक सहाशे-सातशे पानांचे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या रचनेत एका श्रेयांकाला पंधरा तास धरले जातात. म्हणजे चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेला साठ तास आणि दोन श्रेयांकांच्या पत्रिकेला तीस. सातशे पाने साठ तासांत वाटली तर तासाला जवळजवळ बारा पाने येतात, तीस तासांत वाटली तर तेवीस. ही पाने इंग्रजीत आहेत, आणि ती वाचणाऱ्यांपैकी कितीतरी विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत. त्यांना याच सत्रात आणखी चार-पाच विषय आहेत, आणि काहींना दुपारनंतर नोकरीही आहे.

अशा वर्गाला जाड पुस्तक लावले की काय होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बैठकीत ते बोलून दाखवण्याची रीत नाही इतकेच. विद्यार्थी गाईड घेतो. गाईडमध्ये पुस्तकातली उपशीर्षके उत्तरांचे मुद्दे होऊन बसलेली असतात, प्रत्येक मुद्द्याखाली तीन ओळी असतात, आणि त्या तीन ओळी कुठून आल्या याचा पत्ता नसतो. परीक्षा पार पडते. जाड पुस्तक लावणारा शिक्षक खरे तर गाईड लावत असतो. त्याचे नाव संदर्भयादीत नसते एवढाच फरक. ज्याने सातशे पानांचा आग्रह धरला त्याने विद्यार्थ्याच्या हाती शंभर पानांचे सर्वांत वाईट पुस्तक दिले, आणि दर्जा राखल्याचे समाधान मात्र स्वतःकडे ठेवले.

पूर्वी या तक्रारीत किमतीचाही मुद्दा असे. तो आता उरलेला नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' या उपक्रमाने २०१४ साली परिचयात्मक मानसशास्त्राचे पूर्ण पाठ्यपुस्तक विनामूल्य खुले केले; २०२० साली त्याची दुसरी आवृत्ती आली. ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याच्या खिशात ते पुस्तक आहे. तरीही ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी आम्हाला अजून भेटायचा आहे. पैशाचा अडसर दूर झाल्यावर खरा अडसर उघडा पडला. तो वेळेचा आणि भाषेचा आहे, आणि त्याला फुकट पुस्तक हा उतारा नाही.

यावर ज्येष्ठ सहकारी एक आक्षेप हमखास घेतात: लहान पुस्तक लावणे म्हणजे दर्जा खाली आणणे. पुढे जाऊन या मुलांना पदवी घ्यायची आहे, स्पर्धा-परीक्षांना बसायचे आहे. पायाच अर्धा भरला तर इमारत कशी उभी राहील? आक्षेपामागची कळकळ खरी आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. मानसशास्त्राचा एक ठरलेला पाया आहे, तो जाड पुस्तकांत पूर्ण असतो आणि पातळ पुस्तकांत अपुरा, असे ते गृहीत. ते तपासून पाहता येते, आणि पाहिले गेले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात परिचयात्मक मानसशास्त्राच्या दहा पूर्ण आकाराच्या पाठ्यपुस्तकांतल्या परिभाषासूची शेजारी शेजारी ठेवून ताडल्या होत्या. एकूण संज्ञा अडीच हजारांच्या घरात निघाल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एकेकाच पुस्तकात होत्या. दहाही पुस्तकांना समान अशा संज्ञा शंभराच्याही आत होत्या. अर्थात ज्याला आपण पाया म्हणतो त्यातला मोठा भाग हा एकेका लेखकाच्या आवडीचा आणि प्रकाशकाच्या धास्तीचा संचय आहे. एखादा विषय वगळला तर त्या विषयाचा शिक्षक आपले पुस्तक लावणार नाही, ही ती धास्ती. तिच्यापोटी झालेल्या खोगीरभरतीला आपण दर्जा म्हणत आलो.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, नेमलेल्या एका कार्यगटाने २०१४ साली जे सुचवले तेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. परिचयात्मक अभ्यासक्रमाचे पाच आधारस्तंभ त्यांनी सांगितले: जैविक, बोधनिक, विकासात्मक, सामाजिक व व्यक्तिमत्त्वविषयक, आणि मानसिक व शारीरिक आरोग्य. प्रत्येकातले निदान दोन विषय शिकवावेत आणि संशोधनपद्धती हा सर्वांचा पाया मानावा, अशी ती शिफारस होती. सगळे शिकवा असे त्यांनी म्हटले नाही. ज्या देशातून ही जाड पुस्तके आपल्याकडे येतात, तिथल्या अध्यापकांनीच दहा-बारा विषयांवर समाधान मानायला सांगितले आहे. आपण मात्र त्यांच्या अनुक्रमणिकेला श्रुतीचा मान देऊन बसलो आहोत.

लहान पुस्तकाला कमी लेखण्याची ही सवय आपल्या परंपरेतली तरी आहे काय? पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे भट्टोजी दीक्षितांनी सतराव्या शतकात विषयवार लावून 'सिद्धान्तकौमुदी' रचली. त्यांचे शिष्य वरदराज यांनी नवशिक्यांसाठी त्यातून 'मध्यसिद्धान्तकौमुदी' आणि 'लघुसिद्धान्तकौमुदी' तयार केली. लघुकौमुदीत पाणिनीची जेमतेम एक तृतीयांश सूत्रे आहेत. तीवर आजवर कितीतरी पिढ्या व्याकरण शिकल्या, आणि लघुकौमुदी शिकलेल्याचा पाया कच्चा असे कोणा वैयाकरणाने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचे कारण वरदराजांनी कात्री कुठे चालवली यात आहे. सूत्रे त्यांनी निवडून घेतली. पण जे सूत्र घेतले त्याची वृत्ती ठेवली, उदाहरण ठेवले, आणि एक रूप पायरी-पायरीने कसे सिद्ध होते ती प्रक्रिया ठेवली. विद्यार्थ्याला रूपे थोडी भेटली, पण रूप कसे साधायचे हे पुरते कळले. मोठी कौमुदी हाती आली तेव्हा त्याला ती वाचता येत होती.

एक आक्षेप मात्र याहून वजनदार आहे, आणि तो आम्हाला अनेकदा अस्वस्थ करतो. ज्या घरात दुसरे पुस्तक नाही, ज्या गावात ग्रंथालय नावालाच आहे, तिथल्या मुलीच्या हातात येणारे मानसशास्त्राचे पहिले आणि कदाचित शेवटचे पुस्तक म्हणजे हे पाठ्यपुस्तक. जाड पुस्तक तिच्यासाठी एक लहानसे ग्रंथालय असते. वर्गात न शिकवलेले स्वप्नांवरचे प्रकरण ती एखाद्या दुपारी स्वतःहून उघडील. दोनशे पानांच्या पुस्तकात ते प्रकरण नसेलच. हे खरे आहे, आणि यात जे हरवते ते हरवते हे आम्ही मान्य करतो. म्हणून जाड पुस्तक हद्दपार करा असे आम्ही म्हणत नाही. ते विभागाच्या कपाटात असावे, त्याच्या पाच-दहा प्रती घरी नेता याव्यात, मोबाइलवरच्या फुकट प्रतीचा पत्ता पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा. परंतु उघडून पाहण्याचे पुस्तक आणि लावण्याचे पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिले जेवढे मोठे तेवढे चांगले. दुसरे वाचून पुरे होण्याजोगे असले पाहिजे. अठराव्या वर्षी एखाद्या शास्त्राचे पुस्तक सबंध वाचून पुरे करण्याचा अनुभव आपल्या किती विद्यार्थ्यांना मिळतो, याचा विचार आक्षेपकांनीही करावा.

असो. लहान पुस्तकाची बाजू एवढी मांडल्यावर आता लहान पुस्तकांवरच उलटणे भाग आहे.

पाठ्यपुस्तकांच्या अमेरिकी धंद्यात एकच पुस्तक दोन-तीन मापांत काढण्याची प्रथा रूढ आहे. डेव्हिड मायर्स यांचे 'सायकॉलॉजी' १९८६ साली आले, त्याचे लहान रूप 'एक्सप्लोरिंग सायकॉलॉजी' १९९० साली, आणि त्याहून लहान 'सायकॉलॉजी इन एव्हरीडे लाइफ' २००९ साली. मायर्स हे उत्तम लेखक आहेत आणि त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा तिहेरी मापातून जो समज पसरला त्याविषयी: लहान पुस्तक म्हणजे त्याच अंगरख्याचे आखूड माप. अनुक्रमणिका तीच ठेवायची आणि प्रत्येक प्रकरणाच्या बाह्या कापायच्या. हा समज कमी कुवतीच्या हातात पडला की, आणि विशेषतः आपल्याकडच्या उतारेवजा पुस्तकांत शिरला की, काय होते ते तीन उदाहरणांनी दाखवतो. तिन्ही उदाहरणे प्रथम वर्षाच्या वर्गात हटकून येणारी आहेत.

पहिले उदाहरण किटी जेनोव्हीज हिच्या खुनाचे. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात या तरुणीचा भोसकून खून झाला. अडतीस शेजारी अर्धा तास पाहत राहिले आणि कोणी काही केले नाही, असे वर्तमानपत्रात आले. ही कथा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली आणि अजून सोडलेली नाही. २००७ साली मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स या तीन संशोधकांनी न्यायालयीन कागदपत्रे तपासून दाखवले की अडतीस जणांनी सबंध खून पाहिला याला आधार नाही; बहुतेकांना दिसू शकला तो हल्ल्याचा काही भाग, आणि एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला तात्पुरते पळवूनही लावले होते. आता गंमत अशी की या कथेने प्रेरित होऊन जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग कथेपेक्षा कितीतरी भक्कम आहे. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येतो. ऐकणारे आपण एकटेच आहोत अशी ज्यांची समजूत होती त्यांच्यापैकी ८५ टक्के झटका संपण्यापूर्वी मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ३१ टक्के. संक्षेप करणाऱ्याने इथे काय ठेवावे आणि काय टाकावे? सुचायला हवे ते हे की कथा टाकावी आणि प्रयोग ठेवावा. घडते ते उलटे. कथेला चार ओळी लागतात आणि ती लक्षात राहते. प्रयोगाला दीड पान लागते. म्हणून कथा राहते आणि प्रयोग 'संशोधनातून असे दिसून आले आहे' एवढ्या एका वाक्यात जातो.

दुसरे उदाहरण स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात ४० पुरुषांपैकी २६ जणांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत मजल मारली. झटके खोटे होते, समोरचा माणूस नट होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. छाटलेल्या पुस्तकात ६५ हा आकडा शिल्लक राहतो, आणि त्यावरून विद्यार्थी ठरवतो की माणूस म्हणजे मेंढरू. पण मिलग्रॅम यांनी पुढे याच प्रयोगाची अनेक रूपे करून पाहिली. प्रयोगकर्ता खोलीतून निघून जाऊन दूरध्वनीवरून आज्ञा देऊ लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण पाचांत एकावर आले. शेजारच्या दोघांनी आधी नकार दिला तेव्हा ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत गेले. या रूपांसकट वाचणाऱ्याला कळते की आज्ञापालन परिस्थितीबरोबर बदलते, आणि एकाच्या नकाराने दुसऱ्याच्या नकाराला बळ येते. रूपे छाटली की निष्कर्ष आखूड होऊन थांबत नाही, तो निराळाच होतो. सामाजिक मानसशास्त्राचा सर्वांत मौल्यवान धडा कापून त्या जागी माणसाविषयीचा एक निराश शेरा आपण अठरा वर्षांच्या मुलांच्या हाती देतो.

तिसरे उदाहरण जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या 'छोट्या अल्बर्ट'चे. अकरा महिन्यांच्या या बाळापुढे पांढरा उंदीर ठेवायचा आणि मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा, अशा रीतीने त्याच्या मनात भीती रुजवली गेली. बेन हॅरिस यांनी १९७९ साली पाठ्यपुस्तकांतल्या या प्रयोगाच्या नोंदी मूळ लेखाशी ताडल्या, तेव्हा बाळाचे वय, त्याला कशाकशाची भीती वाटू लागली याची यादी, अशा अनेक तपशिलांत फेरफार झालेले आढळले. काही पुस्तकांनी तर शेवटही गोड करून टाकला होता: बाळाची भीती पुढे घालवण्यात आली म्हणे. मूळ लेखात तसे काही नाही. ही चूक जाड पुस्तकांनीही केली आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोषवाऱ्याचा गोषवारा करत गेले की हे होते, आणि जाड पुस्तक म्हणजेही हजार गोषवाऱ्यांची मोळी असते. संक्षिप्त आवृत्ती त्या गोषवाऱ्याचा आणखी एक गोषवारा करते, आणि आपले गाईड त्यावर आणखी एक.

आता पुन्हा जिमीकडे वळू. १८९१ साली धाकट्या पुस्तकाचे काम झाल्यावर जेम्स यांनी होल्ट यांना आणखी एक पत्र लिहिले. त्यात ते थट्टेने सांगतात की वाद आणि इतिहास, संदर्भ आणि प्रयोगांचे तपशील, विनोद आणि करुण, थोडक्यात जे जे रंजक ते सगळे आपण काढून टाकले आहे. वेदनेंद्रियांविषयी थोडी बडबड घातली आहे. परिच्छेदांची डोकी ठळक टाइपात काळी केली आहेत. या पुस्तकाने प्रकाशकाची आणि आपली भर होईल, विद्यार्थ्याच्या मनाची होवो न होवो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेले हे वर्णन आजच्या कुठल्याही संक्षिप्त आवृत्तीला, ठळक टाइपासकट, लागू पडते. कात्री कुठे चालते आणि बाजार कशाची भर मागतो, हे जेम्स यांना पुरते ठाऊक होते.

मग जिमी टिकला कसा? आमच्या मते थट्टेवर फार विसंबू नये. जेम्स यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे की धाकट्या पुस्तकाचा सुमारे दोन पंचमांश भाग नवा किंवा पुन्हा लिहिलेला आहे, उरलेला कात्री आणि खळ यांचा. पुन्हा लिहिलेले हे दोन पंचमांश महत्त्वाचे. शिवाय एक गोष्ट त्यांनी छाटली नाही. पुस्तकाच्या उपसंहारात त्यांनी विद्यार्थ्याला सरळ सांगितले की ज्याला आपण मानसशास्त्र म्हणतो ते अजून शास्त्र झालेले नाही, ते होईल अशी फक्त आशा आहे. लहान पुस्तकात जागा कमी असते, आणि शंकेला जागा लागते. तरीही त्यांनी ती जागा राखली. आज छापल्या जाणाऱ्या किती संक्षिप्त आवृत्त्यांचे शेवटचे पान इतके निधडे असते?

शंकेला जागा ठेवण्याचे आज तर जेम्स यांच्या काळाहून अधिक कारण आहे. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सार्थ होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांचेच तसे आले. ज्या शास्त्राच्या निष्कर्षांची ही अवस्था आहे, त्याच्या परिचयात निष्कर्षांची यादी पाठ करून घेणे म्हणजे वाळूवर रांगोळी घालणे आहे. यादीतले काय पुसले जाईल ते दहा वर्षांनी कळेल. विद्यार्थ्याजवळ उरणार आहे ती पुराव्याकडे पाहण्याची रीत: किती माणसे होती, तुलना कोणाशी केली, दुसरे काय स्पष्टीकरण संभवते, पुन्हा केल्यावर काय झाले.

तेव्हा टाकायचे काय, असे कोणी विचारील, तर आम्ही हात राखून बोलणार नाही. मेंदूच्या भागांच्या नावांची यादी निम्मी करावी; जे भाग पुढच्या प्रकरणांत पुन्हा भेटणार नाहीत त्यांची नावे प्रथम वर्षाला नकोत. प्रेरणेच्या सहा उपपत्तींची वरात काढू नये, दोन पुरेत. मॅस्लो यांचा पिरॅमिड काढून टाकावा. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात तो नाही, तो नंतर चिकटला. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणातली थोरांची चित्रमालिका आवरती घ्यावी. वाचलेली जागा स्मृती, अध्ययन, समूहातले वर्तन, मनोविकार अशा दहा-बारा विषयांना द्यावी, आणि प्रत्येक विषयात निदान एक प्रयोग त्याच्या आकड्यांसह, त्याच्या टीकाकारांसह सबंध सांगावा. असे पुस्तक अडीचशे पानांत बसते. संज्ञा थोड्या असल्या की त्यांना मराठीत नीट नांदवताही येते. अडीच हजार संज्ञांचे मराठीकरण परिभाषा कोशात होते, विद्यार्थ्याच्या तोंडी होत नाही. दोनशे संज्ञांचे होऊ शकते.

काही मित्र म्हणतील, एवढे कशाला, जाड पुस्तक लावावे आणि त्यातली निवडक प्रकरणे शिकवावीत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेही तीच प्रकरणे निवडली असतील तर आमची हरकत नाही. पण प्रश्नपत्रिका पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून निघते, आणि ती 'थोडक्यात टिपा लिहा' असे विचारते. टिपेला प्रयोग लागत नाही, संज्ञा आणि चार मुद्दे पुरतात. इथे येऊन आमचा युक्तिवाद अडतो, हे आम्ही लपवत नाही. 'मिलग्रॅम यांच्या प्रयोगात प्रयोगकर्ता खोलीबाहेर गेल्यावर काय झाले आणि त्यावरून काय ठरते?' असा प्रश्न जोवर परीक्षेत येत नाही, तोवर चांगले लहान पुस्तकही गाईडच्या खाली दबून राहील. म्हणून पुस्तक बदलण्याचा ठराव आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलण्याचा ठराव एकाच बैठकीत आले पाहिजेत. एकटा पहिला ठराव मंजूर होणे सोपे आहे, आणि तितकेच व्यर्थ.

तोवर पुस्तक निवडणाऱ्याने एक साधी परीक्षा घ्यावी. हाती आलेल्या लहान पुस्तकात मिलग्रॅमचे पान काढावे. तिथे ६५ टक्के हा आकडा एकटा उभा असेल तर पुस्तक खाली ठेवावे, मग ते कितीही स्वस्त, सुबक आणि सोपे असो. त्याच्या शेजारी ते ४० पुरुष, तो दूरध्वनी आणि नकार देणारे ते दोघे असतील, तर पाने मोजत बसू नये. पुस्तक लावावे.